शेळी-मेंढीवाल्यांचं प्रशिक्षण: गावात नेमकं काय शिकवायचं, कुणाला आणि कधी?

पशुसखी_मंगळवेढा

सर्वांना नमस्कार. मंगळवेढा तालुक्याच्या दक्षिणेकडच्या कोरडवाहू गावांत मी पशुसखी म्हणून, म्हणजे घरोघरच्या जनावरांची प्राथमिक काळजी घेणारी कार्यकर्ती म्हणून, काम करते. ज्वारी पिकली तर कडबा, नाहीतर तोही विकतचा, असा आमचा भाग. इथं बाईच्या हातात अडीनडीला पैसा येतो तो शेळीमुळं. पोराची फी असो की दवाखाना, एक बोकड बाजारात जातो आणि वेळ निभावते. गावाबाहेर मेंढपाळांच्या दोन वस्त्याही आहेत.

आमच्या बचतगटांच्या प्रभागसंघाला शेळी-मेंढीपालनाच्या प्रशिक्षणासाठी थोडा निधी मिळतोय. "सुधारित तंत्रज्ञानाचे विषय काढून एका पानात यादी द्या," असं मला सांगितलंय. यादी करायला बसले आणि अडले.

मागं तालुक्याला असंच एक प्रशिक्षण झालं होतं. शिकवणारे जाणकार होते, त्याबद्दल तक्रार नाही. पण पडद्यावर दिसलं ते शंभर शेळ्यांचं बंदिस्त पालन, प्लॅस्टिकच्या फळ्यांचा उंच गोठा, बोअर आणि सानेन या परदेशी जाती. समोर बसलेल्या बायकांकडं चार ते दहा शेळ्या, त्याही दिवसभर माळावर. पुरुष आले होते ते बहुतेक कर्जाच्या फायलीला प्रमाणपत्र लागतं म्हणून. पुढच्या पावसाळ्यात करडं मेली ती आधीच्या वर्षीइतकीच.

यावेळी मी आधी घरोघरी विचारलं, तुम्हाला काय शिकायचंय? पुरुषांनी सांगितलं: योजना, कर्ज, चांगली जात. बायका म्हणाल्या: करडं मरतात ती थांबवा. वस्तीवरचे एक आजोबा म्हणाले, "पावसाच्या तोंडाला धडधाकट मेंढी का मरती, तेवढं सांग पोरी, बाकी आम्हाला येतंय."

तर जाणकारांनो, सुरुवात कशापासून करू? सलग दोन-तीन दिवस घ्यावं की वर्षभर थोडं थोडं? आणि बोलवायचं कुणाला, नावावर शेळ्या असलेल्याला की चारणाऱ्याला?

---

निवृत्त_पशुधन_पर्यवेक्षक

ताई, तुम्ही ज्या आजोबांचं सांगितलंत, तिथूनच सुरुवात करा. माझी नोकरी सांगोला, मंगळवेढा, माढा या पट्ट्यात गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, प्रश्न बदला. "काय शिकायचंय" असं विचारलं की माणूस इकडं-तिकडं ऐकलेलं सांगतो. "गेल्या वर्षी तुमचं काय मेलं, कोणत्या महिन्यात मेलं, मरायच्या आधी कसं दिसत होतं" असं विचारा. वहीत महिन्यांचे रकाने पाडा आणि लिहीत जा. वीस-पंचवीस घरं झाली की तुमचा अभ्यासक्रम आपोआप समोर येईल, आणि तो तुमच्या गावचा असेल.

आपल्या भागात त्या वहीत बहुतेक काय निघेल ते मी आत्ताच सांगतो. मृगाच्या पहिल्या पावसानंतर आंत्रविषार. उन्हाळाभर वाळल्या काडीवर राहिलेलं जनावर लुसलुशीत गवतावर तुटून पडतं. आतड्यात आधीपासूनच असलेले क्लॉस्ट्रिडियम जातीचे जिवाणू भराभर वाढतात आणि त्यांचं विष अंगात भिनतं. संध्याकाळी उड्या मारणारं कोकरू सकाळी वाड्यात ताठ झालेलं सापडतं. जातं ते कळपातलं सगळ्यात गुबगुबीत, कारण खाणं त्याचंच जास्त असतं. म्हणून लोक म्हणतात दृष्ट लागली. आजोबांच्या प्रश्नाचं उत्तर हे आहे.

याला लस आहे, स्वस्त आहे, पण ती पावसाच्या आधी टोचलेली पाहिजे. पहिल्यांदाच टोचत असाल तर साधारण दोन आठवड्यांनी दुसरी मात्रा लागते. ही दुसरी मात्राच राहून जाते, मग जनावर मेलं की "लस टोचूनही मेलं" असा बोभाटा होतो आणि पुढच्या वर्षी कोणी दारात उभं करत नाही. म्हणून या विषयाचं प्रशिक्षण एप्रिलच्या शेवटी किंवा मेच्या पहिल्या आठवड्यात. तेच डिसेंबरात घेतलं तर लोक माना हलवतील आणि विसरतील. गाभण मेंढीला विण्याच्या महिनाभर आधी टोचलं तर चिकातून पिलालाही संरक्षण मिळतं, हेही तेव्हाच सांगून टाका.

आता लसीची एक अडचण सांगतो, जी पुस्तकात नसते. पीपीआर या शेळ्या-मेंढ्यांच्या जीवघेण्या साथीच्या रोगाची लस भुकटीच्या रूपात असते. ती 2 ते 8 अंश तापमानात ठेवायची, पाणी मिसळलं की बर्फावर ठेवून दोन-तीन तासांत संपवायची. एका बाटलीत पन्नास-शंभर मात्रा. सहा शेळ्यांसाठी बाटली कोण फोडणार? आणि लस घेऊन माणूस दहा वाजता गावात पोचला तर शेळ्या माळावर गेलेल्या. मग बाटली परत, नाहीतर वाया. लोकांना "लस महत्त्वाची आहे" हे शंभरदा सांगून झालंय. त्यांना शिकवायचं ते हे: गल्लीतल्या सगळ्यांनी मिळून आकडा काढणं, पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी नोंद देणं, त्या दिवशी जनावरं सोडायची नाहीत, आजारी जनावर वेगळं बांधायचं, आणि टोचलेल्याला रंगाचा टिळा लावायचा म्हणजे दुबार होत नाही. हे काम तुम्ही एकदा त्यांच्याबरोबर उभं राहून केलंत की पुढच्या वर्षी बायका स्वतः करतात. मी हे होताना पाहिलंय.

दुसरं, जंतांचं औषध. इथं शिकवण्यासारखं फार आहे. गावात सगळ्यांना एकच झाकण भरून पाजतात, बोकडालाही तेवढंच आणि न व्यालेल्या लहान शेळीलाही तेवढंच. मोठ्या जनावराला मात्रा कमी पडते, जंत मरत नाहीत, उलट त्या औषधाला सरावतात. दोन-तीन वर्षांत औषध पाण्यासारखं होतं. म्हणून आधी वजन करायला शिकवा. लटकता काटा आणि गोणपाटाची झोळी एवढंच लागतं. पाजताना तोंड आभाळाकडं करायचं नाही, मान पाठीच्या रेषेत ठेवायची, नाहीतर औषध फुप्फुसात जातं. हे बोलून नाही, करून दाखवायचं, आणि प्रत्येकीनं स्वतःच्या हातानं एक तरी शेळी पाजायची.

खालची पापणी उलटून बघायलाही शिकवा. आतला भाग लालभडक असेल तर ठीक, फिका गुलाबी असेल तर शंका, पांढराफटक असेल तर रक्त पिणारा जंत, हिमाँकस, अंगात माजलाय. जबड्याखाली पाण्याची पिशवी उतरलेली दिसली तर उशीरच झालाय. यासाठी फमाचा नावाचा 5 रंगांचा तक्ता असतो, तो छापून ठेवा. निरक्षर बाईसुद्धा एका सकाळी शिकते. सगळ्या कळपाला दर वेळी औषध पाजण्यापेक्षा फिक्या पापणीवाल्यांनाच पाजलं तर पैसा वाचतो आणि औषधाचा असरही टिकतो. हेच खरं सुधारित तंत्रज्ञान, याला शेड लागत नाही.

तिसरं, पिलांचा पहिला दिवस. विल्यावर तासाभरात चीक पोटात गेला पाहिजे. आपल्याकडं अजून कितीतरी घरांत वार पडेपर्यंत पिलाला पिऊ देत नाहीत. उलट आहे, पिलू पिऊ लागलं की वार लवकर पडते. दिवसभरात पिलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याएवढा चीक जावा. नाळेला टिंक्चर आयोडीन. मार्गशीर्ष-पौषात आपल्या माळावर वारं बोचतं, तेव्हा डालग्याखाली कोरडं गवत आणि वाऱ्याच्या बाजूला पोतं. हे ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण करडं वाचतात ती इथंच. हा भाग बायकांना शिकवा, कारण रात्री शेळी विते तेव्हा उठते ती बाईच.

चारा-खुराकाचं थोडक्यात. गाभणपणाच्या शेवटच्या दीड महिन्यात शेळीला रोज पाव किलोच्या आसपास खुराक मिळाला तर करडू वजनदार होतं आणि आईला दूध उतरतं. कुट्टी करून गव्हाणीत टाकलेला कडबा कमी वाया जातो. आपल्या भागात दोन-तीन धोके मात्र आवर्जून सांगा. ज्वारीचे कोवळे पोंगे, विशेषतः काढणीनंतर खोडव्याला फुटलेले, खाऊन किराळ लागते, म्हणजे विषबाधा होते. खळ्यावर ज्वारी-मक्याच्या राशीत तोंड घातलं की आम्ल वाढून जनावर आडवं होतं. नुसतं उसाचं वाढं घालू नये, त्यातल्या ऑक्झलेटमुळं अंगातला चुना कमी होतो, म्हणून त्यावर चुन्याची निवळी शिंपडतात. आणि द्राक्ष-डाळिंबाच्या बागेतला छाटणीचा पाला, फवारणी कधी झाली हे विचारल्याशिवाय घालायचा नाही.

आता जातीबद्दल, कारण पुरुष मंडळींना तेच हवंय. बोअरचा बोकड वाईट नाही. पण उस्मानाबादी आपली आहे, सोलापूर तिच्या मूळ पट्ट्यातच येतं, जुळी देते, उन्हाला आणि उपासाला टिकते. मेंढीत माडग्याळ आपल्या शेजारच्या जतची, झपाट्यानं वाढणारी. आधी आपल्याच जातीतला चांगला नर निवडायला शिकवा: जुळ्यातला, चांगल्या आईचा, वजन नोंदलेला. आणि तो दर दीड-दोन वर्षांनी बदलायला. आपल्या गावात एकच बोकड वर्षानुवर्षं फिरतो, आपल्याच लेकींना लागतो, आणि करडं बारकी होत जातात. शेजारच्या गावाशी बोकडाची अदलाबदल करायची, याला खर्च शून्य.

नव्या तंत्राबरोबर नवी कामं येतात हे लोकांना आधी सांगा. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं बंगालच्या सुंदरबनातल्या गारोळ मेंढीतला फेकबी हा जुळी होण्याचा जनुक दख्खनी मेंढीत आणला आणि नारी सुवर्णा तयार केली. तिला जुळी होतात. फार मोलाचं काम आहे ते. पण दोन कोकरांना दूध पुरवायचं तर मेंढीला गाभणपणी खाऊ घालावं लागतं, अशक्त कोकराला वेगळं पाजावं लागतं, मेंढपाळांचा वाडा, म्हणजे तांडा, चालताना त्याला उचलून न्यावं लागतं. एवढं जमणार नसेल तर दुसरं कोकरू जन्मतं आणि मरतं, आणि लोक म्हणतात जात वाईट. म्हणून जात शेवटी ठेवा. करडं जगवता येणाऱ्या घरालाच जुळ्यांचा फायदा.

बोलवायचं कुणाला, तर ज्याचा हात रोज जनावराला लागतो त्याला. सात-बारा कुणाच्या नावावर आहे ते विचारू नका. एका वेळी बारा-पंधराजणी, एखाद्या घरच्या वाड्यात, सकाळी जनावरं सोडायच्या आधी दीड तास. एका वेळी एकच काम.

---

मेंढका_सांगोला

पर्यवेक्षक सायेब बरोबर बोलले. आमच्या मेंढपाळांचं पण ऐका.

हुलजंतीला महालिंगरायाची भेट झाली, दिवाळी झाली, की आमचे वाडे निघतात. कोण भीमेच्या बागायतीत, कोण नीरेकडं, कोण कर्नाटकात. शेतात खांड, म्हंजी मेंढरांचा कळप, बसवायची, खताचे पैसे न्हाईतर धान्य घ्यायचं, पुढं चालायचं. पाऊस लागला की माघारी. तुमची प्रशिक्षणं होतात मार्चमध्ये, निधी संपवायचा असतो म्हणून. तवा आमच्या वस्तीत म्हातारी आणि शाळेची पोरं. मेंढ्या आणि मेंढक्या दोनशे किलोमीटर लांब. आम्हाला शिकवायचं असेल तर श्रावण-भाद्रपदात या, न्हाईतर दिवाळीच्या आधी पंधरा दिवस. तवा सगळी खांड घरी असते, कातरणी चालू असते, जनावर हातात असतं. टोचायचं, पाजायचं, दाखवायचं, सगळं एका जागी होतंय.

आणि वाड्यावर काय होतंय ते पण ध्यानात घ्या. रस्त्यात दुसऱ्याची खांड मिसळती. बाजारातून घेतलेली मेंढी तशीच कळपात घालतात. तिच्यासंगं रोग येतो. सरकारच्या महामेष योजनेत 20 मेंढ्या आणि 1 मेंढा मिळतो, 75 टक्के अनुदानावर, चांगली गोष्ट हाय. पण आलेल्या मेंढ्या दोन-तीन आठवडे वेगळ्या ठेवायच्या, टोचून घ्यायच्या, मग कळपात, हे कुणीतरी मेंढक्याला सांगाय पाहिजे. वाड्यावर वेगळं ठेवायचं म्हंजी वाघरीचा, म्हंजी जाळीचा, येगळा तुकडा लावायचा, होतंय ते.

लांबच्या गावात मेंढी आजारी पडली तर तिथल्या डॉक्टरला काय सांगावं हेच कळत न्हाई. कोणती लस कधी टोचली, औषध कोणतं पाजलं, काय ठावं नसतं. एक जाड कागदाचं कार्ड करून द्या. त्यावर शिक्का, तारीख, लशीचं नाव. ते वाड्याच्या पेटीत राहील. 1962 या नंबरला फोन केला की फिरता दवाखाना येतो, हे पण सगळ्या वाड्यांना ठावं न्हाई. तेवढं एक शिकवलं तरी लई काम हुईल.

आमच्या बायकांना पण बसवा. पुरुष मेंढरं घेऊन जातो, वाड्यावर कोकरं सांभाळती ती बाई. लंगडं कोकरू, हगवण लागलेलं कोकरू, सगळं तिच्याकडं.

---

पशुवैद्य_पंढरपूर

वरच्या दोन्ही उत्तरांशी सहमत. वैद्यकीय बाजूनं थोडी भर घालतो, कारण एक महत्त्वाचा विषय अजून कुणी काढलेला नाही.

शेळी अडली की घरातली बाई उघड्या हातानं पिलू ओढते. गाभ टाकला तर तेच हात, आणि तो गाभ उकिरड्यावर जातो, कुत्री ओढतात. ब्रुसेलोसिस म्हणजे सांसर्गिक गर्भपात हा आजार यातून माणसाला होतो. महिनोन्महिने येणारा-जाणारा ताप, सांधेदुखी, कंबरदुखी, आणि निदान लवकर होत नाही. प्रशिक्षणात हा विषय टाळू नका. हातमोजे नसतील तर जाड प्लॅस्टिकची पिशवी कोपरापर्यंत बांधावी. वार आणि टाकलेला गाभ चुना घालून खोल पुरावा. गरोदर बाईनं त्या कामात हात घालू नये. शेळीचं दूध उकळूनच प्यावं. एका कळपात लागोपाठ गाभ पडत असतील तर रक्ताचे नमुने तपासून घ्या, अंदाजानं इंजेक्शन देत बसू नका.

जंतनाशकाबद्दल एक दुरुस्ती नव्हे, जोड. शेळीचं शरीर ही औषधं मेंढीपेक्षा लवकर बाहेर टाकतं. त्यामुळं मेंढीसाठी छापलेली मात्रा शेळीला पुष्कळदा कमी पडते. काही औषधांत मात्र मात्रा थोडी वाढली तरी विषबाधा होते. म्हणून शेळीची मात्रा डॉक्टरांना विचारूनच ठरवा. अल्बेंडाझोल गाभणपणाच्या पहिल्या महिन्यात देऊ नका.

पीपीआरची लस 3 ते 4 महिन्यांच्या वरच्या पिलाला, 1 मिलि, कातडीखाली. एकदा नीट टोचली तर सुमारे तीन वर्षं संरक्षण राहतं. जुन्या लोकांना बुळकांडी आठवते का विचारा. गाई-म्हशींची ती बुळकांडी लसीकरणानंच संपली, 2011 मध्ये जग तिच्यापासून मुक्त झाल्याचं जाहीर झालं. पीपीआर त्याच कुळातला विषाणू, आणि 2030 पर्यंत तोही संपवायचं जगानं ठरवलंय. हे सांगितलं की म्हातारी माणसं लसीकडं वेगळ्या नजरेनं बघतात, मला अनुभव आहे.

ताई, पशुसखींनी कोणतं काम स्वतः करायचं आणि कुठं आम्हाला बोलवायचं, याची रेघ प्रशिक्षणात स्पष्ट ओढा. प्रतिजैविकांची इंजेक्शनं गावात सर्रास दिली जातात. ती थांबली पाहिजेत.

---

शेळीवाली_बार्शी

ताई, मी तुमच्यासारखीच, बचतगटातून शेळ्या घेतलेल्या. सगळे आजाराचंच बोलतायत, बरोबरच आहे, पण विक्रीचं पण शिकवा हो. आम्ही कष्टानं वाढवायचं आणि व्यापाऱ्यानं कमरेवर हात फिरवून आकडा सांगायचा, किती वर्षं चालायचं?

आमच्या गटानं वजनकाटा घेतला तो औषधाच्या मात्रेसाठीच. मग बोकड विकायच्या आधी तोलायला लागलो. व्यापारी पहिल्यांदा चिडला, "नगावर द्या, नाहीतर राहू द्या" म्हणाला. आम्ही पाचजणींनी ठरवलं, एकीनंही नगावर द्यायचा नाही. मग आला ताळ्यावर. आता किलोच्या भावानं बोलतो. एकटीनं हे झालं नसतं. म्हणून प्रशिक्षणात एक सकाळ फक्त यासाठी ठेवा: सगळ्यांची जनावरं तोला, वहीत लिहा, भाव विचारा.

बकरी ईदचं गणित पण शिकवा. कुर्बानीला वर्षाच्या पुढचा बोकड लागतो, अव्यंग. कान फाटलेला, शिंग मोडलेला चालत नाही. त्याला बाजारात दीडपट-दुप्पट भाव मिळतो. ईद दरवर्षी 10-11 दिवस अलीकडं सरकते. शेळी पाच महिने गाभण, बोकड वर्षाचा व्हायला पाहिजे, म्हणजे ज्या ईदला विकायचा तिच्या दीड वर्ष आधी शेळी भरवलेली पाहिजे. आमच्यातल्या एका मुलीनं हे कॅलेंडरवर खुणा करून दाखवलं तेव्हा सगळ्या बघतच राहिल्या. कधी भरवायची हे हातात असतं हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं, कारण बोकड कळपात मोकळाच फिरायचा.

आणि वेळेचं बघा. आम्ही सकाळी आठला खुरपायला जातो. दिवसाची मजुरी बुडवून कोण येणार? आमच्याकडं रात्री जेवणं झाल्यावर मारुतीच्या देवळात बसतो, पण जनावराचं काम असेल तेव्हा पहाटे. लहान पोरं घेऊन येऊ द्या.

---

पशुसखी_मंगळवेढा

सगळ्यांचे मनापासून आभार. पर्यवेक्षक काकांनी सांगितल्याप्रमाणं मी "काय मेलं" ही वही घेऊन फिरायला लागले. अजून सगळी घरं झाली नाहीत, पण चित्र दिसायला लागलंय. सगळ्यात जास्त नोंदी पहिल्या महिन्याच्या आतल्या करडांच्या. त्याखालोखाल जून-जुलै. एका गल्लीत लागोपाठ तिघींच्या शेळ्यांनी गाभ टाकलेत, ते आजवर कुणी बोललंच नव्हतं. डॉक्टरांनी लिहिलं म्हणून मी मुद्दाम विचारलं. तिथं नमुने घ्यायला दवाखान्यात कळवलंय.

यादी एका पानात मागितली होती, ती मी महिन्यांप्रमाणं लावतेय. एप्रिल-मे मध्ये लसीची तयारी आणि पावसाळ्यापूर्वीचं जंतांचं औषध. मेंढपाळांच्या वस्त्यांवर भाद्रपदात, दादांनी सांगितलं तसं, कार्डासकट. थंडीच्या आधी पिलांचं. नर निवडणं आणि विक्री त्यानंतर. मुरघास (मुरवून साठवलेला हिरवा चारा) आणि बोअर यादीत तळाशी ठेवलेत. वरून विचारतील "आधुनिक तंत्रज्ञान कुठंय", तर पापणीचा तक्ता आणि वजनकाटा घेऊनच जाणार आहे. मोहोळच्या किंवा खेडच्या कृषी विज्ञान केंद्रातून एखादे तज्ज्ञ गावातच येतील का ते विचारते, म्हणजे बायकांना बस बदलत जायला नको.

दोन शंका उरल्या. एक, वजनकाटा किती किलोचा आणि कसला घ्यावा? दोन, महूदला मेंढी-शेळी महामंडळाचा फार्म आहे, तिथं सहल न्यावी का, की त्यातही परत शेडच बघून येतील?

---

निवृत्त_पशुधन_पर्यवेक्षक

काटा 100 किलोपर्यंतचा, लटकता. स्प्रिंगचा चालेल, डिजिटल घेतलात तर सेल जवळ ठेवा. वाड्याच्या आढ्याला किंवा लिंबाच्या फांदीला टांगता येतो. झोळीला पायांसाठी चार भोकं पाडा म्हणजे जनावर धडपडत नाही. नव्यानं जन्मलेल्या करडासाठी मात्र तो काटा नेमका दाखवत नाही, त्याला किराणा दुकानातला छोटा काटा आणि एक घमेलं बास.

महूदला जरूर न्या, पण नर निवडायचा विषय गावात शिकवून झाल्यावर. जाताना प्रत्येकीला एक काम द्या: तिथल्या पैदाशीच्या बोकडाची नोंदवही बघायची, त्याची आई कोण, जुळ्यातला का, कोणत्या महिन्यात किती वजन होतं, हे विचारून लिहून आणायचं. फार्मवरच्या माणसांना आधी कळवा, आम्हाला वही बघायचीय म्हणून. आणि गाभ टाकलेल्या त्या तीन घरांतल्या बायकांना कुणाला बरेच दिवस ताप येतोय का, तेवढं उद्याच विचारा. येत असेल तर त्यांना आरोग्य केंद्रात घेऊन जा आणि घरी शेळ्या आहेत, गाभ पडलेत, हे डॉक्टरांना स्वतः सांगा.